झाडाच्या दोन्ही बाजूंना

काउतोकेइनो, उत्तर नॉर्वे, १४ मार्च

इस्सात,

तुझं बातमीपत्र आलं. सुरुवात "प्रिय सहकारी" अशी. मी तुझी सहकारी नाही. मी तुझी बहीण आहे, तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि तुझं नाक मी माझ्या बाहीला पुसलेलं आहे. हे ईमेलवर कळवलं असतं, पण त्या पत्त्यावर काहीही लिहिलं की तुझं यंत्र लगेच "आपल्या प्रतिसादाबद्दल आम्ही आभारी आहोत" म्हणून मोकळं होतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद फेकायला तरी तुला हात लावावा लागेल.

गावातल्या वर्गात मी पोरांना कळप राखायला शिकवते, तेव्हा संपर्कासाठी माझं नाव तुमच्या उत्तरेकडच्या विद्यापीठांच्या जाळ्यात गेलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप आहे. दर महिन्याला बातम्या आणि संधी. या वेळच्या संधी वाचल्या. आइसलँडमध्ये उन्हाळी शाळा, कॅनडात तीन महिन्यांची शिष्यवृत्ती, आणि "रेनडिअरपालक तरुणांसाठी विशेष जागा". वा! अर्जाची मुदत मेचा मधला आठवडा. मेमध्ये रेनडिअरपालक तरुण कुठे असतो रे? तू पंधरा वर्षं होतास ना तिथे? बर्फात गुडघाभर उभा राहून माद्या विताना गरुडांकडे बघत असतो. त्याने अर्ज काय गरुडाच्या पिसाने लिहायचा?

दुसरं. हे लिहिणार नव्हते, पण न सांगितल्याचा ठपका नको. चुलतभाऊ नीलासला मुलगा झाला. बाप्तिस्मा शरदात आहे, आणि पोराला त्याची कानखूण, म्हणजे त्याच्या रेनडिअरांच्या कानावर कापायची मालकीची खूण, द्यायची आहे. नीलासला बाबांची खूण हवी आहे. म्हणजे तुझी. डाव्या कानाला वरून दोन तिरपे काप, उजव्याला टोकाशी एक खाच. विसरला असशील म्हणून सांगते.

एकत्र कळप राखणाऱ्या आपल्या गटाचा रिवाज तुला ठाऊक आहे. सात उन्हाळे ज्याने स्वतःच्या हाताने एकही कान कापला नाही, त्याची खूण गट दुसऱ्याला देऊ शकतो. यंदाचा उन्हाळा सातवा. नीलास म्हणतो, "जो माणूस इथे नाहीच, त्याला खूण हवी कशाला?" त्याच्या तोंडाला कोण लागणार.

अर्थात तुला काय त्याचं. बाबांना पुरून आलो त्याच आठवड्यात मी म्हटलं, "कळप धर नाहीतर विद्यापीठ धर." तू म्हणालास, "माझी सगळी जनावरं कापून टाक." मी म्हटलं, "कापते." विषय संपला.

राव्दना


किनाऱ्याच्या वाटेवर, ११ मे

इस्सात,

पत्राला उत्तर नाही, बातमीपत्र मात्र वेळेवर. फोन टेकडीवर नेला तेव्हा ते आत पडलं. "बदलते हवामान आणि रेनडिअरचा प्रसूतिकाळ, पडद्यावर थेट व्याख्यान, सर्व पशुपालकांना आग्रहाचे निमंत्रण." कधी? तर ऐन प्रसूतिकाळात. एखादीला बाळंतकळा येत असताना तिला बाळंतपणावर भाषण ऐकायला बोलावण्यासारखं झालं हे. मी हात टेकले.

हवामानाचं मी सांगते, फुकट. एप्रिलमध्ये पाऊस पडला आणि वर गारठा. बर्फावर अशी काच धरली की जनावरांचे खूर खाली दगडफुलापर्यंत पोचेनात. खाण्याच्या गोण्या बर्फगाडीवरून ओढत नेल्या. माझी पाठ गेली. नीलासची बर्फगाडी नदीत गेली, तो नाही गेला, देवाची कृपा म्हणायची की आमची परीक्षा, ते अजून ठरवते आहे.

तरी बऱ्याचशा माद्या तगल्या. ती पांढऱ्या पायांची, बाबांच्या हातातून भाकर खायची ती, काल पुन्हा व्याली. पिल्लू काळंभोर, उठून उभं राहिलं आणि लगेच पडलं, परत उठलं. मी तिथेच बसून कॉफी प्याले.

म्हणजे तिची मुलगी व्याली. पाय तसेच आहेत. तिला तर कापलीच होती. म्हातारी झाली मी, एकीला दुसरी समजते.

खुणेचं काही ठरवलंस का? नसेल ठरवलं तर तसं कळव. "आपल्या प्रतिसादाबद्दल आभार" एवढं जरी हाताने लिहिलंस तरी चालेल.

राव्दना


उन्हाळी बेट, २३ जून

इस्सात,

तू शुद्धीवर आहेस का?

बातमीपत्राच्या पहिल्याच पानावर माझं नाव! "कळपासोबत दहा दिवस: क्षेत्र-शाळा. पाडसांना खूण करण्याचा पारंपरिक सोहळा पाहण्याची दुर्मीळ संधी. यजमान: राव्दना." मला कुणी विचारलं? म्हणे आमच्या मुख्याध्यापिकेने संमती दिली. मुख्याध्यापिका बाई भली आहे, पण कळप तिचा नाही, कुंपण तिचं नाही आणि दहा दिवस स्वयंपाकही ती करणार नाही.

आणि सोहळा? आपण कधी सोहळा केला रे? चिखल, डास, लीद, धाकट्यांची रडारड आणि नीलासच्या शिव्या. याला सोहळा म्हणायला तुलाच जमतं. उलट मला त्यात तुझा हात दिसला म्हणून जास्त राग आला. "बर्च झाडांच्या धुरात उकळणारी कॉफी" असं वाक्य होतं. ते दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. एवढी आठवण येते तर स्वतः ये की! त्याऐवजी जगभरच्या पोरांना पाठवतोस.

नीलास वाचून हसला. म्हणाला, "इस्सातला यायला वेळ नाही, म्हणून त्याने बदली माणसं धाडलीत." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस आणि कुंपण नीट कर." पण तो चुकीचं बोलला नाही.

ये म्हणून विनवणार नाही. यायचं असलं तर वाट तुला माहीत आहे.

राव्दना


उन्हाळी बेट, १९ जुलै

इस्सात,

तुझी दुर्मीळ संधी आज होडीत बसून गेली. माझा घसा बसला आहे.

बरोबर एक प्राध्यापक होते, होल्गर नावाचे, दक्षिणेकडचे. माणूस सज्जन. बूट मात्र शहरातले, दुसऱ्या दिवशी एक चिखलाने गिळला. जेवायला बसलो. मी मज्जेची हाडं वाढली. नीलास, त्याची बायको, सगळा गट शेकोटीभोवती. आणि हे गृहस्थ वही उघडून मला विचारतात, "राव्दनाबाई, तुमच्याकडे रेनडिअर किती?"

नीलासच्या बायकोने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. कुणी पाहुणा जेवताना "बँकेत किती आहेत तुमचे?" विचारेल का? तुमच्या जाळ्याने तीस पानांची माहितीपुस्तिका दिली होती त्यांना. डास, कोळी, बर्फ सगळं होतं तिच्यात. हे एक वाक्य नव्हतं. ती पुस्तिका कुणी लिहिली ते मला विचारायचं नाही.

मी आपलं जुनं टोलवायचं उत्तर दिलं, "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत."

ते लिहून घ्यायला लागले. मग विचारतात, "कुठल्या झाडाच्या?" नीलास उठून तंबूमागे गेला, हसायला.

एक मुलगी बरी निघाली. पिपालुक, ग्रीनलँडची, शिकाऱ्याची लेक. तिने काही विचारलं नाही, फक्त बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला मी आत कुंपणात घेतलं. पिल्लू कुठल्या मादीच्या मागे धावतं ते बघायचं, मादीच्या कानावर जी खूण तीच पिल्लाच्या कानावर, एवढं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती पिल्लं धरून द्यायची, मी कान कापायचे. काळं पिल्लू तर असं लाथा झाडत होतं, पण तिने मांडीत दाबून धरलं. म्हणाली, "मावशी, आमच्याकडे कुत्री याहून वाईट वागतात."

मी तिला मावशी म्हणायला सांगितलं नव्हतं. पण म्हणाली तर म्हणाली.

होल्गरसाहेब सारखे फोटो काढत होते. किती काढले असतील देव जाणे. त्यातले कुठलेही छापू नकोस. माझा अवतार बघण्यासारखा नव्हता.

तू आला नाहीस. आता शरदातलं कुंपण तेवढं उरलं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, राहिलेल्या पाडसांचे कान कापायचे आणि मग गटाची बैठक. त्यानंतर मी काही करू शकणार नाही.

राव्दना


उन्हाळी बेट, २७ ऑगस्ट

इस्सात,

फोटो छापू नकोस म्हटलं होतं. छापलास. आणि केवढा मोठा! पहिल्या पानावर, पिपालुक हसते आहे, मांडीत काळं पिल्लू, आणि माझा हात त्याच्या डाव्या कानाशी. अलास्कापासून याकुत्स्कपर्यंत सगळ्यांनी तो कान पाहिला. हजारभर प्राध्यापकांना त्यात कान दिसला असेल. तुला काय दिसलं ते तुझ्या पत्रातून कळलं.

सात वर्षांत तुझं पहिलं पत्र, आणि त्यात दोन ओळी! "ताई, ती माझी खूण आहे. किती आहेत?"

लाज नाही वाटत? होल्गरसाहेबांना मी माफ केलं, ते परके होते. तू आपला असून "किती" विचारतोस? बाबा असते तर जनावर धरायचा फास घेऊन मागे लागले असते.

ठीक आहे. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. नाही कापली मी. एकही नाही, मेली ती म्हातारी होऊन मेली. पहिल्या शरदात सुरी घेऊन गेले होते, खरंच. ती पांढऱ्या पायांची पुढे आली, भाकर मागायला. मी परत आले. मग दर उन्हाळ्यात तुझी खूण मीच कापत गेले, तू नसताना. सगळ्या गटाला माहीत आहे, एका तुला सोडून. नीलासलाही. पण रिवाज धन्याच्या हाताचा आहे, बहिणीच्या हाताचा नाही, आणि या बाबतीत नीलासचं बरोबर आहे. मला ते कबूल करताना किती जड जातं ते तुला कळणार नाही.

आणि आता खरं सांगते, मार्चपासून मी का ओरडते आहे ते. बाबांची खूण नीलासच्या पोराला गेली तर ही सगळी खरोखरच कापावी लागतील. एका खुणेचे दोन धनी चालत नाहीत. ते मला जमणार नाही, इस्सात. तेव्हा जमलं नाही, आता तर ती मी वाढवली आहेत.

किती, ते मी तोंडाने सांगणार नाही. पाकिटात एक दोरा आहे. दर उन्हाळी कापलेले कानाचे तुकडे आपण ओवून ठेवतो तसे तुझ्या खुणेचे सगळे मी वेगळे ओवले. दोऱ्याच्या या टोकाचे आता वाळून खडखडीत झालेत. त्या टोकाचा काळा केसाळ तुकडा फोटोतल्याचा. वास येईल. ऑफिसात उघडू नकोस.

ताई


किनारा, १२ सप्टेंबर

इस्सात,

तुझं उत्तर मिळालं. दोरा उशाशी ठेवतोस म्हणतोस. ठेव. आणि खाली लिहितोस की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तुमची परिषद आहे आणि तुला तिथे भाषण करायचं आहे. विषय: "निर्णयप्रक्रियेत रेनडिअरपालकांचा सहभाग".

मी हे तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन लाकडं फोडली. या हिवाळ्याला पुरतील.

साध्या भाषेत सांगितलेलं तुला समजत नाही असं दिसतं. म्हणून तुझ्याच भाषेत लिहिते. हवं तर छाप.

संधी.
विषय: एक कान.
जागा: एक. पात्रता: बाबांचा धाकटा मुलगा असावा. इतरांनी अर्ज करू नयेत.
अनुभव: होता, गंजला असल्यास हरकत नाही.
निवास: लाव्वू तंबूत, दाराशी, तुझी जुनी जागा. तिथे सध्या कुत्रा झोपतो, त्याच्याशी बोलून घ्यावे.
मानधन: मज्जेची हाडं. परत मागू नयेत.
अर्जासोबत: काही नको. बाबांची सुरी इथे आहे, धार लावून ठेवली आहे.
अंतिम मुदत: शनिवार, कुंपणाचं दार बंद होईपर्यंत. मुदतवाढ मिळणार नाही. ती द्यायचा अधिकार माझ्याकडे असता तर तू बारा वर्षांचा असल्यापासून देतच आले असते.

ताई


काउतोकेइनो, २१ ऑक्टोबर

इस्सात,

परत पोचलास हे तुझ्या बातमीपत्रावरून कळलं. पोचल्यावर फोन करायचा असतो, हे अजून शिकला नाहीस.

इथे अजून तुझंच चाललं आहे. दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर. सगळी पाडसं संपत आली, नीलास दाराच्या दांड्याला हात घालून उभा, आणि वरातीमागून घोडं यावं तसा तू, भाड्याच्या गाडीतून, गळ्यात परिषदेचं नावाचं कार्ड लटकवून! "भाषण अर्धं टाकून आलो" म्हणालास. बरं केलंस. उरलेलं अर्धं इथे झालं.

पहिला फास हवेत. दुसरा माझ्या कुत्र्यावर. तिसरा नीलासच्या टोपीवर. तेव्हा त्याची बायको ओरडली, "अहो, आता हा तुमचेच कान कापेल, पळा!" मी हसले नाही. मी बाबांची सुरी तुझ्यापुढे धरून उभी होते, ते तुला दिसलं नसेल, तू चिखलात तोंडावर पडला होतास. पण पिल्लू सोडलं नाहीस. पडल्या पडल्या धरून ठेवलंस. तेव्हा मला रडू आलं. धुरामुळे नाही. सांगून टाकते, नाहीतर तू धुरामुळे म्हणून छापशील.

आणि काय कापलंस! दोन काप तिरपे हवेत, एक आडवाच गेला. नीलासने वाकून बघितलं, कान इकडून बघितला, तिकडून बघितला. "हा कान आहे की उंदराने खाल्लेलं कोबीचं पान? असली खूण माझ्या पोराला नको बाबा," म्हणाला, आणि दार लावून घेतलं. बैठक संपली तीही एवढीच. त्याने पोरासाठी नवीन खूण मागितली आणि तू पोराला बाप्तिस्म्याची भेट म्हणून एक मादी दिलीस. मला न विचारता. ती चांगली दुभती होती. असो.

आता बातमीपत्र. ते काय लिहिलंयस? "प्रिय सहकारी आणि ताई"? सगळ्या जगासमोर? अलास्काच्या एका बाईंनी मला लिहून विचारलं की ताई हे कुठलं पद आहे. पिपालुकने लिहिलं, "मावशी, अभिनंदन." मुख्याध्यापिकेने ते पान भिंतीवर लावलं. मला वर्गात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुढच्या अंकात काढून टाक. नाहीतर राहू दे, दोनदा बदललं तर लोक अजून बोलतील.

ते मुदतीचं वाचलं. "रेनडिअरपालकांसाठी अर्जाची मुदत: शेवटची मादी व्याल्यानंतर." तुझ्या साहेबांनी विचारलं असेल की ही तारीख कोण सांगणार. माझं नाव सांग.

परवा कळप पठारावर पोचला. तू पुढच्या वेळी फोन केलास तर काय विचारणार ते मला माहीत आहे, सवय वाईट असते. म्हणून आधीच सांगते. आम्ही थांबलो तिथे एकच बुटकं बर्चचं झाड होतं. तुझी त्याच्या दोन्ही बाजूंना होती. पांढऱ्या पायांची डावीकडे, बर्फ उकरत. आणि उजवीकडे, सगळ्यांपासून जरा लांब, ते वाकड्या कानाचं.

ताई